वननाश, कार्बन उत्सर्जन आणि जैवविविधता : ‘रेड-प्लस’ यंत्रणेचा ऐतिहासिक अभ्यास (१९९२–२०२५)

बीजशब्द : वननाश, कार्बन, जैवविविधता, रेड-प्लस, सेराडो, माळरान

प्रस्तावना :

जंगल तोडले गेले की खोडांत, मुळांत आणि मातीत साठलेला कार्बन वातावरणात जातो आणि त्या जंगलाच्या आधाराने जगणारे जीव उघड्यावर पडतात. या दोन्ही गोष्टी एकाच जागी आणि एकाच वेळी घडतात. आंतरराष्ट्रीय कायद्याने मात्र त्यांची दखल दोन वेगळ्या दप्तरांत घेतली. १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेत हवामान बदलविषयक करार आणि जैवविविधता करार एकाच वेळी स्वाक्षरीसाठी खुले झाले. पुढे पहिल्याचे सचिवालय जर्मनीतील बॉन येथे, तर दुसऱ्याचे कॅनडातील माँट्रिअल येथे गेले. याच परिषदेत जंगलांसाठी स्वतंत्र, बंधनकारक करार व्हावा असाही प्रयत्न झाला होता. आपल्या भूमीवरील जंगले ही जगाची सामाईक मालमत्ता मानली जाऊ नये, या भूमिकेतून मलेशिया व भारत यांनी विकसनशील देशांच्या वतीने त्यास विरोध केला. अखेर कोणावरही बंधन नसलेल्या ‘वनतत्त्वां’वर समाधान मानावे लागले. जंगलाला स्वतःचा असा करार मिळाला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ‘रेड-प्लस’ ही यंत्रणा होय. ‘वननाश व वनऱ्हास यांपासून होणारे उत्सर्जन कमी करणे’ या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे मिळून ‘रेड’ हा शब्द तयार झाला. त्यातील ‘प्लस’ नंतर जोडला गेला आणि तो जोडण्यात भारताचा वाटा मोठा होता. या यंत्रणेचा इतिहास तपासत असताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. जंगल वाचवायचे ठरले तेव्हा ते कोणत्या मापाने मोजले गेले, आणि त्या मापात जे बसत नव्हते त्याचे काय झाले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने मांडणी केली आहे.

मोजमापाचा पूर्वेतिहास :

जंगलाला एका मापात बसविण्याची रीत कार्बनपासून सुरू झालेली नाही. अठराव्या शतकात जर्मन राज्यांत विकसित झालेल्या ‘शास्त्रीय वनव्यवस्थापना’ने जंगलाकडे दरवर्षी निघू शकणाऱ्या इमारती लाकडाचा साठा म्हणून पाहिले. ही दृष्टी हिंदुस्थानात आणणारे प्रमुख अधिकारी म्हणजे डिट्रिच ब्रँडिस. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू येथे त्यांची नेमणूक झाली. हत्तीवर बसून जंगलातून फिरताना दृष्टीस पडणाऱ्या सागाच्या झाडांची जाडीनुसार वर्गवारी करून हातातील काठ्यांवर चाकूने खाचा पाडत त्यांनी सागाची मोजणी केली, असे वर्णन आढळते. जाडीच्या प्रत्येक वर्गासाठी वेगळी काठी होती. साग नसलेल्या झाडांसाठी मात्र काठी नव्हती.

१८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलांची व्यवस्था उभी राहिली. साग, साल, देवदार यांना संरक्षण मिळाले, तर इतर अनेक वृक्ष ‘कमी प्रतीचे’ ठरले आणि काही ठिकाणी सागाला जागा करून देण्यासाठी काढले गेले. ज्या गावांचे व आदिवासी वस्त्यांचे जीवन मोह, तेंदू, बांबू, चारा यांवर चालत होते, त्यांचे पिढीजात हक्क ‘सवलती’ बनले. या व्यवस्थेने जंगले राखलीच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्याविना बरेच सागवन रेल्वेच्या स्लीपरांत संपले असते. तथापि जे मोजले तेच राखले गेले. दीड शतकानंतर जंगल पुन्हा एका मापाने मोजण्याची वेळ आली तेव्हा हा अनुभव कोणी फारसा आठवला नाही.

क्योतो करारातून वगळलेली जंगले :

१९९७ च्या क्योतो करारात विकसित देशांवर उत्सर्जन घटविण्याचे बंधन आले आणि विकसनशील देशांतील प्रकल्पांतून ‘श्रेय’ विकत घेण्याची सोय झाली. उभे जंगल तोडू न देणे हेही असे श्रेय मिळविण्यास पात्र असावे काय, यावर चार वर्षे वाद चालला. २००१ मध्ये माराकेश येथे त्याचा निकाल लागला. नवीन लागवड व पुनर्लागवड पात्र ठरली, उभे जंगल वाचविणे अपात्र ठरले.

या निर्णयामागील कारणे सर्वस्वी चुकीची नव्हती. एका खोऱ्यात तोड थांबविली तर कुऱ्हाड शेजारच्या खोऱ्यात जाते. यास ‘गळती’ असे म्हटले गेले. आज वाचविलेले जंगल दहा वर्षांनी वणव्यात जळाले तर विकलेल्या श्रेयाचे काय करायचे, ही दुसरी अडचण होती. शिवाय स्वस्त श्रेयांचा पूर येऊन श्रीमंत देश स्वतःच्या कारखान्यांकडे दुर्लक्ष करतील, ही भीती युरोपीय देशांना व अनेक पर्यावरण संघटनांना वाटत होती. अमेझॉनवरील सार्वभौमत्वाच्या चिंतेने ब्राझीलही विरोधात होता. या साऱ्याचा परिणाम मात्र विचित्र झाला. शेकडो वर्षांचे वर्षावन राखणाऱ्या देशाला काही मिळणार नव्हते आणि निलगिरीची रोपे लावणारा प्रकल्प मात्र पात्र ठरत होता. माराकेश येथे ठरलेल्या व्याख्येत जंगल म्हणजे किमान क्षेत्र, किमान वृक्षछत्र आणि किमान उंची एवढेच होते. झाडे कोणत्या जातीची, याचा त्यात उल्लेख नव्हता.

माँट्रिअल ते कानकुन : एका विरामचिन्हाची गोष्ट

२००३ मध्ये मिलान येथील परिषदेच्या वेळी ब्राझीलचे मार्सिओ सांतिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी कल्पना मांडली. प्रकल्पाऐवजी संपूर्ण देशाचा वननाश मोजावा आणि तो पूर्वीच्या सरासरीपेक्षा जितका कमी होईल तितका मोबदला द्यावा, अशी ती कल्पना होती. हिशेब देशपातळीवर केला की देशांतर्गत गळतीचा प्रश्न बराचसा सुटतो. २००५ मध्ये माँट्रिअल येथे पापुआ न्यू गिनी व कोस्टा रिका यांनी हा विषय अधिकृतपणे परिषदेपुढे ठेवला.

कोस्टा रिकाला या विषयावर बोलण्याचा अधिकार होता. मांसनिर्यातीसाठी कुरणे वाढवत गेल्यामुळे १९८० च्या दशकात त्या देशातील वनाच्छादन सुमारे एक-चतुर्थांशापर्यंत खाली आले होते. १९९६ च्या वन कायद्याने जंगलाचे अन्य जमिनीत रूपांतर करण्यास बंदी घातली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची व्यवस्था केली. त्यासाठीचा पैसा मुख्यतः इंधनावरील करातून येई. या कायद्याने जंगलाच्या चार सेवा मान्य केल्या : हरितगृह वायूंचे शोषण, पाण्याचे रक्षण, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. आज देशाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. याचे सारे श्रेय मोबदल्याला देता येणार नाही. गोमांसाचे भाव कोसळल्यावर गुआनाकास्ते प्रांतातील कुरणे ओस पडली आणि तेथे जंगल आपणहून परतू लागले, ही प्रक्रिया कायद्याच्या आधीच सुरू झाली होती. तरीही लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, देशाच्या कायद्यात चार सेवा होत्या आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारात त्यांपैकी एकच उरली. २०२२ मध्ये जागतिक बँकेच्या वनकार्बन निधीतून कोस्टा रिकाला ३२.८ लाख टन उत्सर्जन घटविल्याबद्दल १.६४ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे टनामागे पाच डॉलर. पाणी व पशुपक्षी त्या हिशेबात नव्हते.

२००६ च्या स्टर्न अहवालाने वननाशाचा वाटा जागतिक उत्सर्जनाच्या १८ टक्क्यांहून अधिक असल्याचे म्हटले आणि वाटाघाटींना वेग आला. (पुढील अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, इतर क्षेत्रांतील उत्सर्जन वाढल्याने प्रमाण घटले, हेही त्याचे एक कारण.) २००७ मध्ये बाली येथे जो मजकूर संमत झाला त्यात वननाश व वनऱ्हास यांपासूनचे उत्सर्जन घटविणे हा एक भाग होता. त्यापुढे अर्धविराम होता आणि नंतर संवर्धन, जंगलांचे शाश्वत व्यवस्थापन व कार्बनसाठ्यात वाढ हा दुसरा भाग होता. अर्धविरामामुळे दुसरा भाग दुय्यम ठरत होता. १९८० च्या वन संवर्धन कायद्यापासून वनजमिनीचे हस्तांतर नियंत्रित केलेल्या भारताला हे मान्य नव्हते. जे देश आधी तोडत होते आणि आता कमी तोडतात त्यांना पैसे, आणि ज्यांनी आधीपासून राखले त्यांना काही नाही, हा कोणता न्याय, असा भारताचा सवाल होता. २००८ मध्ये पोझनान येथे भारताच्या आग्रहाने अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम आला. ‘रेड’चे ‘रेड-प्लस’ झाले ते असे. त्याच पोझनानमध्ये मसुद्यातून आदिवासी जनसमूहांच्या ‘हक्कां’चा उल्लेख गळाला आणि परिषदेच्या आवारातच निदर्शने झाली.

या स्वल्पविरामाचा अर्थ दुहेरी होता. संवर्धनाला प्रतिष्ठा मिळाली, पण ‘कार्बनसाठ्यात वाढ’ या शब्दांनी लागवडीलाही दार उघडले. नैसर्गिक जंगल तोडून तेथे जलद वाढणारी एकाच जातीची झाडे लावली तरी व्याख्येनुसार जंगल कायमच राहते, हा धोका त्यातून निर्माण झाला.

या धोक्यावरील उत्तर २०१० मध्ये कानकुन येथे मिळाले. निर्णयाच्या परिशिष्टात सात संरक्षक अटी घालण्यात आल्या. रेड-प्लसची कामे नैसर्गिक जंगलांच्या व जैवविविधतेच्या संवर्धनाशी सुसंगत असावीत आणि नैसर्गिक जंगलांच्या रूपांतरासाठी त्यांचा वापर होऊ नये, अशी त्यांतील एक अट आहे. आदिवासी व स्थानिक समूहांचे ज्ञान व हक्क यांचा आदर करावा, अशी दुसरी एक अट आहे. पोझनान येथे गळालेला शब्द दोन वर्षांनी असा परत आला. २०१३ च्या वॉर्सा आराखड्याने या अटी कशा पाळल्या याची माहिती सादर केल्याखेरीज निकालाधारित मोबदला नाही, असे ठरविले.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कार्बनची मोजणी होते, तर जैवविविधतेची ‘माहिती’ दिली जाते. कार्बनसाठी संदर्भ पातळी, उपग्रहचित्रे आणि बाहेरील तज्ज्ञांकडून तांत्रिक छाननी आहे. अटींच्या बाबतीत देशाने स्वतःच तयार केलेला गोषवारा पुरतो. २०१२ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या जैवविविधता कराराच्या परिषदेने रेड-प्लससाठी जैवविविधतेच्या रक्षणाविषयी मार्गदर्शन तयार केले, पण ते सल्लावजा राहिले. बॉनच्या व्यवहारात माँट्रिअलने किती बोलावे, ही नाराजी तेव्हाही लपून राहिली नाही.

अमेझॉनचा आकडा आणि सेराडोची किंमत :

या भेदाचे परिणाम ब्राझीलमध्ये जितके स्पष्ट दिसतात तितके अन्यत्र क्वचितच दिसतील. २००४ मध्ये ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तोडले गेले. त्याच वर्षी सरकारने कृती आराखडा आखला. उपग्रहाद्वारे जलद सूचना देणारी व्यवस्था, दंड, जप्ती, नवी संरक्षित क्षेत्रे व आदिवासी प्रदेश यांच्या बळावर २०१२ पर्यंत हा आकडा ४,५७१ वर आला. २००६ मध्ये सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनी अमेझॉनमधील नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचे मान्य केले, त्याचाही हातभार लागला. २००८ मध्ये स्थापन झालेल्या अमेझॉन निधीला नॉर्वेने सुमारे एक अब्ज डॉलर देऊ केले. क्रम पाहता तोडीचा वेग निधी येण्यापूर्वीच घटू लागला होता. पैशापेक्षा कायद्याच्या अंमलबजावणीने जंगल वाचले, असे म्हणणे भाग आहे. उलट बाजूनेही तेच दिसते. २०१९ मध्ये निधीचे काम थांबले, पण त्याहून मोठा फरक अंमलबजावणी सैल झाल्याने पडला, आणि २०२१ मध्ये तोड पुन्हा १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेली. २०२३ मध्ये निधी पुन्हा सुरू झाला व तोड घटली.

अमेझॉन निधीच्या आरंभीच्या हिशेबात तोडीपासून वाचलेल्या प्रत्येक हेक्टरमागे १०० टन कार्बन धरलेला होता. हिशेब साधा व काटकसरीचा होता आणि त्यातच त्याचे बळ होते. परंतु या मापाबाहेर अमेझॉनला लागूनच सेराडो हा विस्तीर्ण सवाना प्रदेश पसरलेला आहे. गवत, विरळ व वाकड्या खोडांची झाडे आणि खोलवर गेलेली मुळे असे त्याचे रूप आहे. जमिनीवर दिसते त्याहून अधिक वनस्पतिभार जमिनीखाली असल्याने त्याला ‘उलटे जंगल’ असेही म्हणतात. दहा हजारांहून अधिक वनस्पती येथे आढळतात. वनस्पती व पृष्ठवंशी प्राणी मिळून सुमारे ४,८०० जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत. साओ फ्रान्सिस्कोसारख्या नद्यांचे उगम येथे आहेत. तरीही वन कायद्यानुसार खासगी मालकाला अमेझॉनच्या जंगलात ८० टक्के जमीन राखावी लागते, तर सेराडोच्या बहुतांश भागात केवळ २० टक्के. सोयाबीनचा तो करार सेराडोला लागू नव्हता. हवामान करारापुढे ब्राझीलने अमेझॉनची संदर्भ पातळी २०१४ मध्ये मांडली, सेराडोची २०१७ मध्ये.

सेराडोची निम्मी नैसर्गिक वनश्री आता नष्ट झाली आहे. २०२३ मध्ये अमेझॉनमध्ये सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर तोड झाली, तर सेराडोत ११ हजारांहून अधिक. अमेझॉनमधील अंकुशामुळेच नांगर सेराडोकडे वळला काय, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. सेराडोत सोयाबीनचा विस्तार त्यापूर्वीच सुरू झाला होता. एवढे मात्र निश्चित की, जगाचे लक्ष, पैसा आणि कायदा हे तिन्ही जेथे उंच झाडे होती तेथेच एकवटले.

रिकामे जंगल :

माप पूर्ण भरले तरी जंगल पूर्ण असतेच असे नाही. केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्येच ‘रिकामे जंगल’ या शीर्षकाचा निबंध लिहून, झाडे उभी असूनही शिकारीमुळे मोठे प्राणी नाहीसे झालेल्या जंगलांकडे लक्ष वेधले होते. उपग्रहाला असे जंगल हिरवेच दिसते. परंतु मोठ्या बियांचे, कठीण व जड लाकडाचे वृक्ष बहुधा मोठ्या फळभक्षी प्राण्यांवर अवलंबून असतात. तापीर, मोठी माकडे, धनेशासारखे पक्षी गेले की त्यांच्या बिया झाडाखालीच कुजतात आणि त्यांची जागा हलक्या लाकडाची झाडे घेतात. ब्राझीलच्या अटलांटिक किनारी जंगलांवरील २०१५ च्या एका अभ्यासाने दाखविले की, या बदलामुळे जंगलाची कार्बन साठविण्याची क्षमताच घटते. म्हणजे जैवविविधता ही कार्बनच्या हिशेबाला लावलेली शोभेची अट नाही. ज्या टनांचे पैसे दिले जातात ते टन पुढील शंभर वर्षे टिकतील काय, हे प्राण्यांवरही अवलंबून आहे. पाच वा दहा वर्षांच्या करारांत मात्र हा तोटा दिसून येत नाही.

भारत आणि महाराष्ट्रातील माळराने :

पोझनान येथे संवर्धनाची बाजू लढविणाऱ्या भारताचे स्वतःचे माप कोणते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्के वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन होय. मालकी कोणाची व झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. फळबागा, बांबू, ताड-माड यांचाही त्यात समावेश होतो. २०२३ च्या अहवालानुसार वनाच्छादन व वृक्षाच्छादन मिळून देशाचे २५.१७ टक्के क्षेत्र हिरवे आहे. २०१५ मध्ये भारताने २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अधिक शोषण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय रेड-प्लस धोरण आणले. इतके टन शोषण्यासाठी नवी झाडे लावायची तर जागा हवी, आणि सरकारी दप्तरात जी जागा मोकळी दिसते तिला ‘पडीक’ म्हणतात.

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळराने या सदरात मोडतात. सोलापूर, पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील गवताळ पट्टे म्हणजे लांडगा, काळवीट, तणमोर यांचे घर. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर परिसरात अभयारण्य जाहीर झाले, तरी तो पक्षी आज तेथे जवळजवळ नामशेष झाला आहे. शेती, बांधकामे, वीजवाहिन्या अशी त्याची अनेक कारणे असली तरी माळांवर केलेली गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांची लागवड हेही त्यांपैकी एक आहे. ही माळराने म्हणजे मुळातील जंगल तोडून झालेली ओसाडी, असा वसाहतकाळापासूनचा समज लागवडीमागे होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मध्ययुगीन मराठी साहित्य व मौखिक परंपरा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. हिवर, तरवड यांसारख्या उघड्या, उन्हाच्या प्रदेशातील वनस्पतींचेच त्यांत प्राबल्य आढळले. यावरून ही माळराने निदान साडेसातशे वर्षे जुनी असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. धनगरांच्या मेंढ्या ज्या माळावर पिढ्यान्पिढ्या चरल्या तो माळ कधीच पडीक नव्हता, हे ओवीत नोंदलेले होते. सातबारा आणि उपग्रहचित्र यांत ते दिसत नव्हते. गवताळ भूमीचा बहुतांश कार्बनही मातीत असतो. खड्डे खोदून तेथे झाडे लावल्याने तो वाढतोच असे नाही.

बेलेमपर्यंत :

२०१५ च्या पॅरिस कराराने पाचव्या कलमात रेड-प्लसला स्थान दिले आणि कार्बनेतर लाभांना प्रोत्साहन देण्याचे महत्त्वही मान्य केले. दरम्यान स्वयंसेवी कार्बन बाजारातील अनेक प्रकल्पांनी न झालेल्या तोडीचे फुगविलेले अंदाज दाखवून श्रेये विकल्याचे आक्षेप आले आणि टनाच्या मापावरील विश्वास ढळू लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथील परिषदेच्या वेळी उष्णकटिबंधीय जंगलांसाठी एका नव्या निधीची घोषणा झाली. त्यात टनाचे माप सोडून उभ्या जंगलाच्या प्रत्येक हेक्टरमागे वर्षाला सुमारे चार डॉलर देण्याची योजना आहे आणि मिळणाऱ्या रकमेतील २० टक्के वाटा आदिवासी व स्थानिक समूहांसाठी राखलेला आहे. १९९२ मध्ये न झालेल्या वनकरारानंतर जंगलाला केवळ उभे असल्याबद्दल मोबदला देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय. जंगल उभे आहे की नाही हे उपग्रह वृक्षछत्रावरून ठरविणार आहेत. योजना दमट रुंदपर्णी जंगलांपुरती असल्याने सेराडो तिच्या कक्षेत येत नाही.